हॉल तिरका आहे? आधी वाट मोजा!

कोपरगावच्या जुन्या गावठाणात चारही भिंती काटकोनात असलेली बैठकीची खोली शोधायला निघालात, तर चपला झिजतील. गल्ल्या नदीच्या अंगाने वळलेल्या, त्यांच्यामध्ये बोळ, आणि त्यात वाटण्या! एका वाड्याचे तीन भाग होतात, मधे भिंती उभ्या राहतात, आणि भावाभावांत उभी राहिलेली भिंत गुण्यात असेलच याची खात्री कुठला गवंडी देणार? पुढे कधीतरी त्याच जागेवर स्लॅबचं घर होतं. माती जाते, सिमेंट येतं, तिरकेपण तेवढं राहतं.

आमचा हॉलही असाच. रस्त्याकडची भिंत ९ फूट, मागची १४ फूट, लांबी १८ फूट. डावी भिंत सरळ, उजवी बोळाच्या कडेने तिरकी गेलेली. अशा जागेला गोमुखी म्हणतात. तोंडाशी अरुंद, मागे रुंद, म्हणून राहायला शुभ. उलटी असली तर वाघमुखी, ती दुकानाला बरी. शुभ असेलही हो, पण त्या शुभ जागेत सोफा कुठे ठेवायचा, हे काही सांगणारे सांगत नाहीत.

आणि खरं सांगू का, तिरकी भिंत ही अर्धीच अडचण. उरलेली अर्धी दारांची. रस्त्याचं दार, स्वयंपाकघराचं दार, बेडरूमचं दार, कोपऱ्यातून वर जाणारा जिना. शिवाय दोन खिडक्या. म्हणजे सलग मोकळी अशी भिंत किती उरली? त्यात आमच्याकडे पुढच्या बाजूला जमिनीत हौदाचं झाकण आहे. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही असे उन्हाळे ज्या गावाने काढलेत, तिथे जागा मिळेल तिथे हौद होतो, हॉलमध्येसुद्धा. त्या झाकणावर शोकेस ठेवून दाखवा बरं!

मग सगळे करतात तेच होतं. जे काही आहे ते भिंतीला लावायचं. सरळ भिंतीला लांब सोफा, समोर टीव्ही, उरलेल्या जागी दिवाण, दोन खुर्च्या, शोकेस. मधली जागा मोकळी. एसटी स्टँडवरच्या बाकांसारखी माणसं भिंतीकडेने बसतात आणि एकमेकांशी मोठ्याने बोलतात. यामागे कारण आहे, ते म्हणजे पाहुणे. शिर्डी इथून पंधरा-सोळा किलोमीटर. २००९ मध्ये साईनगर शिर्डीचं स्टेशन सुरू होईपर्यंत रेल्वेने येणारे कितीतरी जण कोपरगावलाच उतरायचे. ‘दर्शनाला चाललोय, जाता जाता तुमच्याकडे डोकावतो’ असं म्हणणारे नातेवाईक इथल्या प्रत्येक घराला आहेत, आणि डोकावणारा रात्री मुक्काम करतो. तेव्हा जमीन मोकळी हवी, चार गाद्या पडल्या पाहिजेत, हा हिशेब चुकीचा नाही. पण पाहुणे वर्षातून किती रात्री येतात आणि आपण त्या खोलीतून रोज किती वेळा जातो-येतो, हा दुसरा हिशेब कुणी मांडतं का?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आमच्या गावात राघोबादादांचा वाडा आहे. १७८३ साली त्यांचा अंत झाला तोही कोपरगावातच. तसल्या वाड्यांत काय किंवा साध्या दोन खणी घरांत काय, फर्निचर म्हणून असं फारसं नसायचंच. बैठक म्हणजे जाजम, लोड, तक्के. खोली तिरकी असली तरी जाजम कुठेही पसरता येतं, उचलताही येतं. आणि ती बैठक होती पुरुषांची. बायकांची जागा माजघरात. तिथे निवडणं-टिपणं, बाळाला मांडीवर घेणं, दुपारी पाठ टेकणं, शेजारणीशी बोलणं चालायचं. अंधारी असेल, धुराची असेल, पण जागा होती.

स्लॅबच्या घराने माजघर काढून टाकलं. ओसरी आणि माजघर मिळून एक हॉल झाला. बायका बाहेरच्या खोलीत आल्या, ही चांगलीच गोष्ट. पण मैत्रिणींनो, आपल्या हॉलमध्ये आपण बसतो कुठे, ते आठवून बघा. दिवाण सासऱ्यांचा. टीव्हीसमोरची जागा यांची. सोफा मुलांचा आणि त्यांच्या दप्तरांचा. आणि आपण? सोफ्याच्या हातावर, नाहीतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, एक डोळा गॅसवर ठेवून. माजघर गेलं तेव्हा त्यातली बसायची जागा कुठे गेली, हे विचारायचं राहूनच गेलं.

म्हणून माझं मत असं की, तिरका हॉल लावताना सोफ्यापासून सुरुवात करूच नये. वाटेपासून करावी.

ही काही माझी नवी युक्ती नाही. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, ते बाईची पावलं वाचावीत म्हणून. ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून फडताळापर्यंत किती चालावं लागतं, याचा त्यात विचार होता. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली. (आपण स्वतः तोवर स्वयंपाक केलेलाच नव्हता, असं बाईंनीच पुढे सांगितलं होतं!) एक गोम मात्र राहिली. ते स्वयंपाकघर इतकं चिंचोळं होतं की दुसरं माणूस मावेना. पावलं वाचली, पण आत बाई एकटी पडली. आपल्याकडे पावलं मोजायचीच तर ती ओट्यापाशी न थांबता पार हॉलमधून रस्त्याच्या दारापर्यंत मोजायला हवीत. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ८८, असं आलं आहे. त्या २८९ मधली किती मिनिटं हॉल ओलांडण्यात जातात, ते मात्र आपलं आपणच मोजायचं.

आमच्या भिशीतल्या काही जणींनी हे करून पाहिलं. पोराच्या वहीतला चौकटीचा कागद घ्यायचा, एक चौकट म्हणजे अर्धा फूट. भिंती टेपने मोजायच्या, आणि समोरासमोरच्या दोन्ही मोजायच्या, कारण तिरक्या खोलीत त्या सारख्या नसतात. दारं कुठे, कुठल्या बाजूला उघडतात, प्लगची जागा कुठे, सगळं मांडायचं. मग एक दिवसभर आपण जिथून जिथे गेलो ती रेघ पेन्सिलीने ओढायची. दूधवाला आला, रेघ. कुरिअर, रेघ. चहाचा ट्रे, रेघ. बेडरूममधून धुणं, जिन्यावरून गच्ची, रेघ. माझ्या कागदावर संध्याकाळी एक जाड काळा पट्टा उमटला होता, आणि तो बरोबर सोफा आणि टीव्ही यांच्या मधून जात होता. दिवसातून वीस वेळा ‘आई, सरक ना!’ का ऐकावं लागतं, ते तेव्हा कळलं. मी मधे येत नव्हते, त्यांनी सोफा माझ्या रस्त्यावर टाकला होता.

आमची तिन्ही दारं नशिबाने डाव्या सरळ भिंतीच्या बाजूला आहेत. तेव्हा ती भिंत रिकामी केली आणि तिच्या कडेने ३ फुटांची वाट सोडली. अडीच फुटांत माणूस जातं, पण हातात ट्रे किंवा कडेवर मूल असलं की ३ फूट लागतातच. बैठक सगळी उजवीकडे. सोफा खोलीच्या मधे आला, वाटेकडे पाठ करून. समोर तिरक्या भिंतीला सुताराकडून प्लायचं एक ५ फुटी बुटकं कपाट करून घेतलं. एका टोकाला खोली चार बोटं, दुसऱ्या टोकाला दोन वीत. त्याची पुढची कड सरळ भिंतीला समांतर आली आणि टीव्ही सोफ्याच्या अगदी समोर. मागची पाचर वाया जाते म्हणून हळहळण्यात अर्थ नाही; तिच्यात चार्जर, पुस्तकं, औषधांचा डबा, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, सगळं मावतं. तिरक्या खोलीत सगळं सामान एकाच भिंतीशी समांतर हवं. अर्धं या भिंतीला, अर्धं त्या भिंतीला केलं की खोली होती त्याहून जास्त वाकडी दिसते.

एल आकाराच्या सोफ्याचा मोह मात्र आवरा. तो काटकोनी कोपऱ्यासाठी असतो. कोपरा मोठा असेल तर मागे फट राहते, तिच्यात कंगवे, चेंडू आणि कधी उंदीर सापडतो. कोपरा लहान असेल तर सोफा आत जातच नाही. सुटे तुकडे घ्यावेत, पायांना फेल्ट लावावं. पाहुणे आले की आमचा सोफा रात्री सरळ भिंतीला सरकतो आणि तीन गाद्या आरामात पडतात.

घरात विरोध झाला, होणारच. ‘आल्यागेल्याला सोफ्याची पाठ दाखवायची?’ हा मुख्य आक्षेप. येवला शेजारीच, तेव्हा जुन्या साडीचे काठ घरात होतेच. ते पाठीला शिवले आणि आक्षेप मावळला. निदान बोलून दाखवायचा थांबला.

खरी गंमत पुढच्या अरुंद भागात झाली. तिथे हौदाचं झाकण, म्हणून जड काही नको, फक्त सतरंजी. पण बोळाकडची खिडकी तिथेच आहे, दुपारी छान उजेड येतो. तिच्याखाली मी एक हातांची वेताची खुर्ची मांडली आणि जाहीर केलं, ही माझी. चार दिवसांत तिच्यावर दोरीवरून काढलेले कपडे साचले. मग एक पेपर. मग कुणाची तरी बॅग. रिकामी खुर्ची घरात कुणालाच बघवत नाही! भांडावं लागलं. तीनदा कपडे उचलून ज्याचे त्याच्या पलंगावर टाकले, तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

आणि मग सासूबाईंनी ती घेतली. त्यांचा वॉकर २५ इंच रुंद आहे. पूर्वीच्या मांडणीत टीपॉय आणि दिवाण यांच्या मधून तो निघत नसे, म्हणून त्या बेडरूममध्येच असायच्या आणि आम्ही म्हणायचो, त्यांना फार माणसं आवडत नाहीत. वाट मोकळी झाल्यावर एका दुपारी त्या आपल्या आपण खिडकीपर्यंत आल्या. बसायला सोफ्यापेक्षा उंच आणि उठताना धरायला हात, म्हणून ती खुर्ची त्यांना सोयीची. ‘सासरे असताना मी या बाजूला कधी बसलेच नव्हते गं,’ म्हणाल्या. बोळातून जाणाऱ्या प्रत्येकीला आता हाक मारतात.

तेव्हा टेप पुन्हा काढला. दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवायच्या तर मधल्या फटीसकट साडेचार फूट लागतात. खिडकीखाली, हौदाचं झाकण सोडून, पाच आहेत.