‘आईच होती ती!’ म्हणून सुटका?

‘इमर्जन्सी’ पाहून थिएटराबाहेर पडताना माझ्या पुढच्या बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाल्या, “शेवटी आईच हो ती! मुलापुढे कुणाचं चालतं?” तेव्हा मी गप्प बसले. घरी येऊन मिळतील तेवढी परीक्षणं वाचली. आणि लक्षात आलं, की त्या बाई जे सहज बोलून गेल्या तेच आपले जाणते समीक्षक जरा अवघड शब्दांत लिहीत होते. म्हणून हे लिहायला बसले.

कंगना राणावत यांचा हा सिनेमा १७ जानेवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन त्यांचं, इंदिरा गांधींची भूमिकाही त्यांचीच. तोवर त्या भाजपच्या खासदार झालेल्या होत्या. त्यामुळे सिनेमा पाहण्याआधीच अनेकांनी बाजू ठरवून टाकल्या होत्या. एकांनी म्हटलं, प्रचारपट. दुसऱ्यांनी म्हटलं, अहो, हिने तर इंदिराबाईंना सहानुभूतीच दिली! मग नाक हुबेहूब जमलंय का, केसांतली पांढरी बट, आवाज, चालणं यांवर रकाने भरले. शीख संघटनांनी आपल्या चित्रणावर आक्षेप घेतला, सेन्सॉरचा दाखला अडला, ६ सप्टेंबर २०२४ ची तारीख हुकली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, काटछाट झाली, आणि शेवटी पंजाबात बहुतेक ठिकाणी खेळ झालेच नाहीत. आणीबाणीवरच्या सिनेमाला सेन्सॉरच्या कात्रीखालून जावं लागलं, यावर विनोद पुष्कळ झाले. मी तो विषय हसण्यावारी नेत नाही. १९७५ साली चालू असलेला ‘आंधी’ बंद करण्यात आला होता, ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रती जाळल्या गेल्या होत्या. त्यामुळे सिनेमा अडवायला माझा विरोधच, मग तो कंगनाबाईंचा का असेना.

पण एवढ्या गदारोळात सिनेमाच्या मूळ मांडणीला हात कुणी लावला? पुत्रप्रेमाने हतबल झालेली आई, उन्मत्त मुलगा, नंतर पश्चात्ताप, ही ती मांडणी. ज्यांना सिनेमा आवडला त्यांना त्यातली ‘आई’ भावली. ज्यांना नाही आवडला त्यांची तक्रार अशी, की ही आई पटकथेत नीट उतरली नाही. म्हणजे आणीबाणी ही एका घरातली गोष्ट होती, हे दोघांनाही मान्य!

आता जरा घटना पाहू. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री त्यांनी राष्ट्रपतींची सही घेतली आणि मंत्रिमंडळाला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ऑगस्टमध्ये ३९वी घटनादुरुस्ती झाली, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारी. खुर्ची त्यांची, खटला त्यांचा, घटनादुरुस्ती त्यांच्यासाठी. मुलगा सल्ले देत असेल, दारात माणसं अडवत असेल, बुलडोझर पाठवत असेल. देशाचा कारभार त्याच्या हाती दिला कुणी? नऊ वर्षं पंतप्रधानपदी असलेल्या, एक युद्ध जिंकलेल्या राजकारणी व्यक्तीने. त्या व्यक्तीला आपण काय करतो आहोत हे कळत नव्हतं, असं म्हणणं हा तिच्या बुद्धीचाही अपमान आहे.

कुणी म्हणेल, धृतराष्ट्रही पुत्रप्रेमाने आंधळाच होता. होता ना. पण त्याला ‘शेवटी बापच तो’ म्हणून कुणी सोडलं का?

या सिनेमाची पहिली झलक २०२२ साली आली होती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तुम्हाला ‘मॅडम’ म्हटलं तर चालेल का, असं विचारल्यावर इंदिराबाई सांगतात, की माझ्या कचेरीत मला सगळे ‘सर’ म्हणतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘मंत्रिमंडळातला एकमेव पुरुष’ या जुन्या कोटीचंच हे नवं रूप. धडाडी दाखवली की ती पुरुष. बांगलादेशाचं युद्ध जिंकलं की दुर्गा. आणि लोकांना तुरुंगात डांबलं की आई! पंतप्रधान म्हणून जबाबदार असलेली बाई कुठल्याच खणात नाही. आमच्याच काही मैत्रिणी म्हणाल्या, की बाईने बाईवर एवढा मोठा सिनेमा काढला, त्याचं कौतुक तरी कर. कशाचं करू? बाईकडे कॅमेरा आला आणि तिने दाखवलं काय, तर बाईची मती घर आणि मुलं यांपलीकडे जात नाही.

आणि त्या एकवीस महिन्यांतल्या बाकीच्या बायका? महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोरे भूमिगत झाल्या, पुढे तुरुंगात गेल्या. १९७७ साली त्या आणि अहिल्या रांगणेकर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा आपल्यातल्या पुष्कळजणींना अजून पाठ असेल. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेही स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात मंत्री असताना. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. या बायकांनी कुणाची आई म्हणून हे केलं नाही. मी वाचलेल्या एकाही परीक्षणात, ‘बाई आणि सत्ता’ यावर पल्लेदार वाक्यं लिहिणाऱ्यांनाही, यांच्यातली एक आठवली नाही.

नसबंदीचंच पाहा. सिनेमात ती आहे, परीक्षणांतही आहे, संजय गांधींचं वेड म्हणून. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. ते एकट्या मुलाचं वेड होतं का? आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. पुढे निवडणुकीत सरकार पडलं. राज्यकर्ते धडा शिकले, पण कोणता? सक्ती वाईट, हा नव्हे. पुरुषांना हात लावायचा नाही, हा! ‘कुटुंब नियोजना’चं नाव ‘कुटुंब कल्याण’ झालं आणि सुरी बायकांकडे वळली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली, आणि नवऱ्याची झालेली किती? ०.३ टक्के. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या, डझनाहून अधिक जणी दगावल्या. आणीबाणीची ही बाजू पंचेचाळीस-पन्नास वर्षं आपल्या ओटीपोटात चालू आहे. ती ‘माय-लेकांच्या’ गोष्टीत बसत नाही, म्हणून पडद्यावर येत नाही, आणि न आल्याचं समीक्षकांना जाणवतही नाही.

जाता जाता एक गोष्ट. सिनेमाने आधार म्हणून ज्या पुस्तकाचं नाव घेतलं ते कूमी कपूर या पत्रकार बाईंचं. आणीबाणीत त्यांचा नवरा तुरुंगात होता, पदरात तान्ही मुलगी होती. सिनेमा पाहिल्यावर त्यांनी करारभंगाची नोटीस पाठवली. त्याही आईच, पण त्यांच्या आईपणावर सिनेमा निघालेला नाही.

आणि एक होती स्नेहलता रेड्डी. ‘संस्कार’ या कन्नड सिनेमातली चंद्री. त्या सिनेमाला १९७० सालचं सुवर्णकमळ मिळालं होतं. मे १९७६ मध्ये तिला बंगळूरला पकडलं. दम्याची रुग्ण, तरी आठ महिने कोठडीत. तिथे तिने रोजनिशी लिहिली, इतर कैदी बायकांचे हाल लिहून ठेवले. १५ जानेवारी १९७७ ला तिला पॅरोलवर सोडलं, २० तारखेला ती गेली. ‘इमर्जन्सी’ प्रदर्शित झाला त्यानंतर तीनच दिवसांनी तिची पुण्यतिथी होती. सिनेमाची पानंच्या पानं भरत होती, त्यात या नटीचं नाव मला कुठे सापडलं नाही.

येत्या बैठकीला आम्ही आमच्या गटात ‘संस्कार’ दाखवणार आहोत. ज्यांच्याकडे त्या काळाच्या आठवणी आहेत, मग त्या तुरुंगाच्या असोत की नसबंदी शिबिराच्या, त्या मैत्रिणींनी जरूर यावं.