बाहत्तर सालाचे देणे

बीड, धाराशिव, अहिल्यानगर किंवा सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात पारावर बसलेल्या वृद्धाला त्याचे वय विचारावे. जन्मतारीख सांगता येत नाही. पण 'दुष्काळ पडला तेव्हा मी खडी फोडायला जाण्याइतका झालो होतो' किंवा 'बाहत्तरला थोरली कडेवर होती' असे उत्तर हमखास मिळते. समाज सहसा राजाच्या राज्याभिषेकापासून शक मोजतो. या भूभागाने आपला शक दुष्काळापासून मोजला.

त्या वर्षीची वृत्तपत्रे आज चाळली, तर मात्र वेगळेच चित्र दिसते. १९७२ हे स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे वर्ष. बांगलादेश युद्धातील विजयाचा उत्साह अजून ओसरला नव्हता. २१ जानेवारीला मणिपूर, मेघालय आणि त्रिपुरा यांना पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. मार्चमधील विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा जिंकल्या आणि वसंतराव नाईक पुन्हा मुख्यमंत्री झाले. जुलैच्या प्रारंभी सिमला करार झाला. नव्वद हजारांहून अधिक युद्धकैदी हाती असताना काश्मीरचा प्रश्न कायमचा का सोडवून घेतला नाही, हा सवाल तेव्हाही विचारला गेला आणि त्याचे समाधानकारक उत्तर आजतागायत मिळालेले नाही. जवानांनी रणांगणात मिळवलेले मुत्सद्द्यांनी मेजावर घालवावे, हे आपल्या इतिहासात पहिल्यांदाच घडले असेही नाही. पहिली पाने अशा मजकुराने भरलेली असताना जून कोरडा गेला, जुलै कोरडा गेला.

राज्याच्या अनेक भागांत पाऊस हुलकावणी देण्याचे हे पहिले वर्ष नव्हते. आधीचे हंगामही हातचे गेले होते. कणगी आधीच रिकामी झाली होती आणि बाहत्तरच्या पावसाळ्याने उरलीसुरली आशाही संपवली. ज्याच्याकडे चार बैल होते त्याने दोन विकले, मग उरलेले दोन मिळेल त्या किमतीला दिले. दावणीला बांधलेले जनावर उपाशी पाहवत नाही म्हणून ते रानात सोडून देण्याची वेळ अनेकांवर आली. शिधापत्रिकेवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, म्हणजे 'मिलो', मिळू लागली. तिची लालसर भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. आज घरात नातवंडांनी ताट अर्धवट टाकले की आजी गप्प का होते, हे ज्यांना उमगत नाही त्यांनी तिला एकदा मिलोविषयी विचारावे.

सरकारने दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, नालाबांध, बंडिंग, कालवे, रस्ते आणि खडी फोडणे. मुकादम मस्टरवर हजेरी मांडी, फोडलेल्या खडीची मोजणी ब्रासवर होई आणि पगाराचा दिवस पुढे ढकलला गेला की मुक्कामाच्या पालात चूल पेटत नसे. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली होती. राज्याची लोकसंख्या त्या वेळी पाच कोटींहून थोडी अधिक होती, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. त्यात भूमिहीन होते, तसे वीस-वीस एकरांचे धनीही होते. ज्या घरातील स्त्रीने कधी उंबरठा ओलांडला नव्हता, ती डोक्यावर पदर घेऊन उन्हात हातोडी चालवत होती. शेजारी झोळीत मूल.

एकाच ढिगावर पाटलाची सून आणि गावकुसाबाहेरची माउली बसल्या, असे चित्र रंगवण्याचा मोह होतो. ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु पाण्याचा हंडा अनेक ठिकाणी वेगळाच राहिला, हेही तितकेच खरे. घशाला कोरड पडली असतानाही विहिरीचा काठ सर्वांना सारखा लाभला नाही. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. त्या भाषेचा दाह ज्यांना असह्य झाला, त्यांनी त्या विहिरीच्या काठाचा दाह किती जाणला होता? हिंदू समाज एक आहे असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आधी स्वतःला विचारला पाहिजे.

एवढ्या मोठ्या संकटात माणसे अन्नाविना मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडली नाहीत, याचे श्रेय त्या कामांना द्यावेच लागेल. त्यामागे एका विचारी माणसाची दृष्टी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ पासूनच आपल्या सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग चालवला होता. दुष्काळाने त्या प्रयोगाची निकड सिद्ध केली. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ चा केंद्रीय कायदा करताना डोळ्यांसमोर महाराष्ट्राचेच उदाहरण होते. शहरी वाचकांना आपला या सगळ्याशी काय संबंध, असे वाटत असेल, तर त्यांनी आपली पगाराची पावती पाहावी. दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये या योजनेसाठीच लावण्यात आला. त्या पैशातील किती कामे झाली आणि किती केवळ मस्टरवर झाली, ही चर्चा स्वतंत्र लेखाचा विषय ठरेल.

शहरांतही सारे सुखात नव्हते. महागाई एवढी वाढली, की मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या महिला एकत्र येऊन मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह लाटणी हाती घेऊन रस्त्यावर उतरल्या. रॉकेल, तेल, साखर यांसाठी रांगा नित्याच्याच. आणि तरीही, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेव्हा ज्याच्या घरी संच असेल त्याच्या दारात अख्खी चाळ जमू लागली. शांतारामबापूंचा 'पिंजरा' याच वर्षीचा, 'पाकीजा'ही याच वर्षीचा, आणि तो प्रदर्शित झाल्यावर दोन महिने पुरे होण्याच्या आतच मीनाकुमारी गेली. १६ डिसेंबरला पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. नाना फडणवीसांचे त्यातील चित्रण इतिहासाला धरून नाही, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो गैरवाजवी नव्हता; मात्र नाटकाच्या प्रयोगाचे सामर्थ्य आक्षेप घेणाऱ्यांपैकीही अनेकांनी मान्य केले होते. पुण्यात नानांवरून शाब्दिक चकमकी झडत होत्या, तेव्हा तिथून पाऊण-एक तासाच्या अंतरावर पुरंदर तालुक्यात माणसे पाझर तलावाची माती वाहत होती. दोन्ही महाराष्ट्रच.

काही बातम्यांना त्या वर्षी फारशी जागाच मिळाली नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने सहा आकड्यांचा पिन कोड सुरू केला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. हेच वेलणकर संस्कृतमधील नामवंत कवी आणि नाटककार होते. संस्कृतचा व्यासंग आणि आधुनिक प्रशासन यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांनी आपल्याच पत्त्याच्या शेवटच्या ओळीकडे पाहावे. त्याच ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे सांगली जिल्ह्याचेच सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांनी पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेला हा जवान. भारताला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. पेटकरांनी ते पॅरालिम्पिकमध्ये छत्तीस वर्षे आधी आणले होते. काही आठवड्यांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंचे हत्याकांड झाले आणि हॉकीत आपल्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. या मोठ्या बातम्यांखाली ते सुवर्ण दडून गेले. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, आणि घरोघरी त्यांचे नाव पोहोचले ते २०२४ च्या एका हिंदी चित्रपटामुळे.

बाहत्तरचे खरे देणे मात्र पाण्याचे आहे. जुनी माणसे सांगतात, त्या वर्षी धान्य नव्हते, पण अनेक गावांत आडाच्या तळाशी पिण्यापुरते पाणी होते. एप्रिल २०१६ मध्ये परिस्थिती नेमकी उलटी झाली. दुकानांत धान्याची पोती होती आणि लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत विंधणविहिरींची यंत्रे गावोगाव पोहोचली, शेकडो फूट खालचे पाणी वर आले आणि पर्जन्यछायेतील शिवारांत ऊस डोलू लागला. उसाच्या आड कारखाने होते, कारखान्यांच्या आड मतपेट्या. पक्ष कोणताही असो, या साखळीला हात घालण्याचे धाडस क्वचितच दिसले.

ज्यांनी ते दाखवले त्यांत विलासराव साळुंखे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. पुण्यातील हा यशस्वी उद्योजक बाहत्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील हाल पाहून अस्वस्थ झाला. नायगावात देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळजमीन खंडाने घेऊन त्यांनी उतारावरचे पाणी अडवले, मुरवले आणि त्यातूनच पाणी पंचायतीची कल्पना आकाराला आली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यायचे, भूमिहीनालाही वाटा ठेवायचा, ऊस लावायचा नाही. नियम इतके साधे, की गावसभेत पाच मिनिटांत समजावेत. आणि इतके कठीण, की बहुतेक गावांना ते पेलले नाहीत.

बाहत्तर-त्र्याहत्तरमध्ये खोदलेले पाझर तलाव आज बहुतेक गावांत आहेत. कित्येक गाळाने भरले आहेत, काहींच्या भिंती खचल्या आहेत, काहींच्या पोटात शेते झाली आहेत. ओघ कुठून येतो, सांडवा कुठे होता, कोणत्या आडाला त्याचा पाझर लागत असे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांची वये आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत शाखांतील आणि महाविद्यालयांतील तरुणांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांना सोबत घेऊन तलावाच्या भिंतीवर उभे राहावे आणि ते दाखवतील त्या खुणा लिहून घ्याव्यात. पावसाळ्यापूर्वी गाळ काढायचा झाला, तर सुरुवात कुठून करायची हे तेच सांगू शकतील.