उंच गाडी, बुटका विचार

आमच्या पवनीत मोटार ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. वैनगंगेच्या घाटापासून बाजारापर्यंत गाड्याच गाड्या; त्यातून गोसीखुर्दचे धरण आणि अभयारण्य पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या त्या निराळ्याच. तरीही २०१५ सालच्या हिवाळ्यात एका मोटारीभोवती जी गर्दी मी पाहिली, ती विसरू म्हणता विसरत नाही. त्या दिवसांत उमरेड-कऱ्हांडला-पवनी अभयारण्यातला ‘जय’ नावाचा वाघ ऐन भरात होता. पुढे २०१६ च्या एप्रिलनंतर तो कुणाच्या दृष्टीस पडला नाही. पण तेव्हा त्याच्या दर्शनाला लांबलांबून माणसे येत. असेच नागपूरकडचे एक गृहस्थ सहकुटुंब आले होते आणि त्यांची गाडी चहाच्या टपरीसमोर उभी होती. राखी रंगाची, बुटकी, लांबलचक, आणि छप्पर थेट शेपटापर्यंत नेलेले.

“गुरुजी, कोटभर रुपये देऊन हे अँबुलन्स कायले घेतली असन जी?” माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने कानाशी लागून विचारले. दुसरा म्हणाला, “अँबुलन्स कायची, शववाहिका होय थे!” हशा पिकला. मीही हसलो. आजचा हा लेख त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून लिहितो आहे.

प्रथमच कबूल करतो, की मी इंजिनिअर नव्हे. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु मला जे सांगायचे आहे त्याला मॅट्रिकचे विज्ञान पुरते, किंबहुना थोडे उरतेच.

ती गाडी म्हणजे जर्मनीच्या ऑडी कंपनीची ‘आरएस ६ अवांत’. त्याच वर्षी ती भारतात विक्रीस आली. किंमत सव्वा कोटीच्या वर. जातीने ती स्टेशन वॅगन. हे नाव कसे पडले त्याचीही गंमत आहे. अमेरिकेत रेल्वे स्टेशनावर उतरलेले उतारू आणि त्यांच्या ट्रंका एकाच वाहनातून मुक्कामी पोचवण्यासाठी ही गाडी निघाली; १९२९ साली फोर्ड कंपनीने लाकडी अंगाची अशी गाडी कारखान्यातून विकायला काढली. म्हणजे ही आपल्या दमणीचीच बहीण! दमणीत बायकामुले बसत, मागे गाठोडी राहत. घरचे माणूस आणि घरचे सामान एकाच छपराखाली, एकाच उंचीवर.

ते गृहस्थ मोठे सालस होते. आमच्या हसण्याचा राग न धरता त्यांनी मला सगळे समजावून सांगितले. आठ सिलिंडरचे, सुमारे चार लिटरचे इंजिन. सिलिंडरांच्या दोन रांगा ‘व्ही’ अक्षरासारख्या मांडलेल्या. इंजिनात जादा हवा कोंबणारे दोन टर्बो बाहेर कुठे लटकवलेले नाहीत, तर त्या ‘व्ही’च्या खोबणीतच बसवले आहेत, त्यामुळे सिलिंडरांतून निघालेल्या तप्त वायूला त्यांच्यापर्यंत फार चालावे लागत नाही आणि पाय दाबताच शक्ती हजर होते. शक्ती किती? ५६० अश्वशक्ती. उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटर वेग ३.९ सेकंदांत. आणि गाडी शांतपणे चालली असली, की आठांतले चार सिलिंडर आपोआप निजतात, उरलेले चार गाडा ओढतात. शक्ती चारही चाकांना वाटलेली. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या; मागे कितीही सामान भरा, गाडीचे बूड खाली बसत नाही. पुढच्या ब्रेकच्या तबकड्या ३९० मिलीमीटर व्यासाच्या, म्हणजे आमच्या घरच्या परातीएवढ्या!

मग त्यांनी मागचे दार वर उचलले. आत बॅगा, मुलांची सायकल, दुर्बिणीची तिकाटणी, स्वयंपाकाचा डबा. सामानाची जागा ५६५ लिटर, आणि मागची सीट पाडली तर १६८० लिटर. एवढा संसार पोटात घेऊन ही गाडी उंचीला दीड मीटरही भरत नव्हती.

आमच्या भंडाऱ्याकडच्या माणसाला हे एका वाक्यात सांगता येईल : शंकरपट जिंकणारी दमणी! पटाचा छकडा आम्ही सारेच जाणतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा हळहळलो आणि २०२३ साली त्याच न्यायालयाने वाट मोकळी केली तेव्हा गुलाल उधळला. पण पटाचा छकडा म्हणजे नुसता सांगाडा. त्यात आजीला बसवून जत्रेला नेता येत नाही. जर्मन कारागिरांनी आजीला बसवले, तिची वळकटी मागे ठेवली आणि तरीही पट मारला.

आता कुणी म्हणेल, मास्तर श्रीमंतांच्या गाडीचे गोडवे गाऊ लागले. मुळीच नाही. ताशी अडीचशे किलोमीटरच्या त्या वेगाशी मला काडीचेही कर्तव्य नाही. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, हे मी फळ्यावर लिहून दाखवू शकतो. आमच्या रस्त्यावर गायही बसलेली असते आणि शाळेतून सुटलेले पोरही धावत असते. तेव्हा ते घोडे त्यांच्या त्यांना लखलाभ होवोत. मला हवा आहे तो त्या गाडीमागचा विचार. आणि तो विचार सांगतो, की गाडीत दम भरायचा असेल तर तिला जमिनीलगत ठेवा.

आपण नेमके उलट चाललो आहोत. आजकाल ज्याच्या त्याच्या तोंडी एकच : “गाडी उंच पाहिजे.” उंच गाडीत बसले की इतर माणसे खाली दिसतात, हे खरे सुख. त्या सुखाची किंमत मात्र विज्ञान वसूल करते. धान निघाल्यावर शिगोशीग तणस भरलेली बंडी बांधावर कलंडलेली आमच्याकडे कुणी पाहिली नाही? आणि त्याच बंडीत तळाशी धानाची पोती घातली, तर तेवढ्याच बांधावरून ती सुखरूप उतरते. याला गुरुत्वमध्य म्हणतात. दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग घ्यावा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. जो आकडा येईल तो जितका लहान, तितकी गाडी उलटण्याची भीती मोठी. अमेरिकेच्या सरकारने २००१ सालच्या गाड्यांपासून याच भागाकारावर प्रत्येक गाडीला गुण द्यायला सुरुवात केली. इयत्ता सातवीतल्या पोराला यावे असे हे गणित आहे.

मला ते शिकायला २०१८ साल उजाडावे लागले. माझ्या भाच्याचे लग्न उमरेडला होते. वरात परत निघाली ती भाड्याच्या एका उंच गाडीतून. सात जणांच्या जागी दहा बसलेले. आणि आत जागा नाही म्हणून नव्या सुनेचे आंदण टपावर बांधलेले. भांडी, गाद्या आणि त्या सगळ्यांवर एक लोखंडी कूलर! आमच्या जावईबापूंनी मोठ्या अभिमानाने दोरी आवळली. मीही हातभार लावला. जंगलाच्या वळणावर रानडुकरांचा कळप आडवा आला. ड्रायव्हरने चाक एकीकडे फिरवले, लगेच दुसरीकडे फिरवले, आणि गाडी घसरली नाही, कलंडली. जीव वाचले. माझ्या धाकट्या भाचीचे हासळीचे हाड मोडले. नवी सून सासरच्या उंबऱ्यावर माप ओलांडण्याऐवजी इस्पितळाची पायरी चढली. बुटकी गाडी असती तर अपघात टळलाच असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण कूलर टपावर चढवताना मला बंडी आणि तणस आठवले नाही, मला, ज्याने पंधरा वर्षे पोरांना हाच धडा शिकवला होता! ही टोचणी अजून जात नाही.

स्टेशन वॅगनमध्ये तो कूलर कुठे गेला असता? सीटच्या मागे, जमिनीपासून दोन हातांवर. या गाडीचे सारे शहाणपण एवढेच आहे.

आणि ही गाडी आपल्याला परकी होती असेही नाही. १९९२ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातून ‘टाटा इस्टेट’ निघाली. विजेवर चालणाऱ्या काचा, डिझेल इंजिन, मागे ऐसपैस जागा. पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेली ती गाडी अंगाने जड आणि शक्तीने बेताचीच होती, हेही सांगितले पाहिजे. पण घाट चांगला होता. पुढे २००४ साली त्याच कंपनीने ‘इंडिगो मरिना’ काढली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २००१ साली स्कोडा आली. तिनेही ‘ऑक्टाव्हिया कॉम्बी’ विकून पाहिली. एकीलाही आपण मनापासून घरात घेतले नाही. “मालवाहू दिसते” हा आपला आक्षेप. अहो, संसार करणाऱ्या माणसाची गाडी मालवाहू नसेल तर काय असेल?

आपल्या या खुळाला सरकारनेही साथ दिली. २००६ च्या अंदाजपत्रकात चार मीटरच्या आत लांबी असलेल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. हेतू चांगला होता; पण मोजपट्टी लावली ती लांबीला! परिणाम लगेच दिसला. ज्या घरात मरिनाची शेपटी लांब झाली होती, त्याच घरात २००८ साली शेपटी छाटलेली ‘इंडिगो सीएस’ जन्माला आली. लांबीवर कर, उंची मात्र फुकट. मग कारखानदार गाडी वर वाढवणार नाही तर काय करील? २०२५ च्या सप्टेंबरपासून आलेल्या नव्या दरांतही तीच मेख कायम आहे : पेट्रोल-डिझेलच्या चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना १८ टक्के, त्यापलीकडे ४०. मोजायचेच होते तर वजन आणि उंची का मोजली नाही?

“पण गुरुजी, आपले रस्ते?” हा प्रश्न मला हमखास विचारतात. खरे आहे, त्या जर्मन गाडीचे पोट आमच्या गतिरोधकावर घासले असते, आणि ते गृहस्थही तिरपी चाल करूनच टपरीपर्यंत आले होते. परंतु पोटाखालची जागा वेगळी आणि छपराची उंची वेगळी. २०१७ साली आपल्याकडे आलेली स्वीडनची व्होल्व्हो ‘व्ही ९० क्रॉस कंट्री’ ही वॅगनच आहे. तिच्या पोटाखाली २१० मिलीमीटर मोकळी जागा आहे, आणि तरी ती पोस्टाच्या पेटीसारखी उभी दिसत नाही. चांगला मिस्त्री घराचे जोते उंच बांधतो. म्हणून तो घरावर मनोरा चढवत नाही.

दुसरा प्रश्न : “आता गाडी सावरणारी विजेची यंत्रणा असते ना?” असते, आणि ती उपयोगी आहे. पण ती तोल सावरते; गुरुत्वमध्य खाली आणीत नाही.

आणि माझा स्वतःचा एक प्रश्न आहे, तो मास्तर म्हणून. पहिलीतले पोर उंचीला साधारण एक मीटर दहा सेंटीमीटर असते. मोठ्या उंच गाड्यांचे नाक त्याच्या छातीला, कधी गळ्याला लागते. आणि अगदी पुढ्यात उभे असलेले ते पोर चालकाला दिसतच नाही. शाळा सुटल्यावर फाटकाशी अशा गाड्या उभ्या राहतात तेव्हा मी स्वतः रस्त्यात जाऊन उभा राहतो. माझे डोके तरी दिसते!

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कित्येक घरांत पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घेण्याची बोलणी चालू असतील. आरएस ६ घ्या असे मी कुणाला सांगणार नाही; तेवढे पैसे असलेले गृहस्थ मास्तराचा सल्ला घेत नाहीत. तुमच्या ऐपतीची गाडी घ्या. फक्त दुकानात जाताना खिशात शिंप्याची टेप ठेवा. छप्पर जमिनीपासून किती, दोन चाकांमधले अंतर किती, आणि घरातले सगळ्यात लहान मूल नाकासमोर उभे केले तर चालकाच्या जागेवरून दिसते की नाही, एवढे पाहा. विक्रेता हसेल. त्याला हसू द्या. आम्हीही त्या टपरीसमोर हसलो होतो.

आणि सामान टपावर बांधू नका. माझ्या भाचीचे हाड सांधले आहे, पण थंडी पडली की अजून दुखते. यंदा दिवाळीला ती माहेरी येणार आहे. एसटीने ये, असे मी तिला कळवले आहे.