नोंदणीची रांग आणि खरा ग्राहक

वस्तू बाजारात चालणार की नाही, हे सांगणाऱ्या खुणा दोन तऱ्हेच्या असतात. काही आधी दिसतात: चौकशी, नोंदणी, आगाऊ पैसे. काही मागाहून कळतात: वर्षाची विक्री, नफा, परत आलेला ग्राहक. कोणती खूण केव्हा ऐकायची, इथेच भलेभले चुकतात.

दिल्लीला लागून असलेल्या गुडगावच्या कारखान्यातली मारुती ८०० आठवा. गाडी यायच्या आधीच लाखाहून अधिक लोकांनी प्रत्येकी दहा हजार रुपये भरून नावे नोंदवली होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिली किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती ठेवली. त्या आर्थिक वर्षात हजारभर गाड्याही विकल्या गेल्या नाहीत. कारखाना नुकताच सुरू झाला होता, गाड्या बनणार तरी किती? विक्रीचा आकडा पाहणाऱ्याला हा धंदा बुडीत वाटला असता. खरे बोलत होती ती नोंदणी. जानेवारी २०१४मध्ये उत्पादन थांबले, तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या.

टाटांच्या नॅनोचे नेमके उलटे झाले. एप्रिल २००९मध्ये दोन लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या, अडीच हजार कोटी रुपये जमले. पहिल्या लाखभर गाड्यांसाठी सोडत काढावी लागली! पण नोव्हेंबर २०१०मध्ये देशभरात विकल्या गेल्या फक्त ५०९ नॅनो. मधल्या काळात काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, आणि 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का मिरवायला कोणी तयार नव्हते. हा शिक्का नडला, हे रतन टाटांनीही पुढे मान्य केले. जून २०१८च्या महिन्यात तर एकच नॅनो तयार झाली.

आमच्या मते, नोंदणीतून कळते ती लोकांची इच्छा. समाधान कळायला वस्तू घरात जाऊन चार दिवस वापरली जावी लागते. म्हणून या दोहोंमधली खूण शोधावी: नोंदणी केलेल्यांपैकी गाडी प्रत्यक्ष घेऊन गेले किती? पैसे परत मागायला आले किती? हे आकडे वर्षअखेरच्या ताळेबंदाच्या कितीतरी आधी हाती येतात.

घरगुती उद्योग करणाऱ्या गृहिणींनाही हे जमण्यासारखे आहे. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी सगळ्यांकडेच येतात. वहीत नावापुढे एक रकाना जास्त आखावा आणि त्यातल्या किती जणींनी संक्रांतीला तिळाचे लाडू मागवले, ते लिहून ठेवावे.