कंडक्टरच्या खिशातले पैसे

गेल्या रविवारी आईबरोबर एक मालिका बघत बसलो होतो. (हो, बघतो. हसू नका.) नायक सॉफ्टवेअर इंजिनियर. आपलाच गडी म्हटल्यावर मी जरा सरसावून बसलो. तर हे साहेब रात्री अकरा वाजता सुटाबुटात हापिसात एकटेच. स्क्रीनवर हिरवी अक्षरं पावसासारखी पडतायत. साहेबांनी दहा मिनिटं कीबोर्ड बडवला, 'प्रोजेक्ट कम्प्लीट' अशी पाटी आली आणि सकाळी बॉसने फक्त आरती ओवाळायची बाकी ठेवली. ना टेस्टिंग, ना रिव्ह्यू, ना क्लायंटचा 'एक छोटासाच बदल आहे' वाला फोन.

माझं डोकंच फिरलं. या पुण्यात खडा मारला तरी तो इंजिनियरला लागतो. लेखकाने एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या भाच्याला फोन करून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी असा तावातावाने बोलत असताना आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तू तरी कुठं विचारून लिहितोस?"

आता बोला! पण वार बरोबर जागी बसला. त्यामागची गोष्ट सांगतो.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात मी एक कथा लिहिली होती. मुक्कामाची शेवटची एसटी. एक म्हातारी चढते, तिच्याकडे पैसे नाहीत. कंडक्टर म्हणतो, 'बसा आजी, राहू द्या तिकीट.' डबल बेल, गाडी सुटते, डोंगरामागे सूर्य वगैरे. लोकांना आवडली. दोन काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आणि कृपा करून असं समजू नका की मी रिसर्च केला नव्हता. लाल डब्यात सीट किती, घाटातले थांबे कोणते, त्या भागात सूर्य किती वाजता मावळतो, सगळं गूगलवर बघितलं होतं. एक अख्खा शनिवार घालवला होता.

एक बारीकसा तपशील सांगायचा राहिला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. ३१ वर्षं.

अण्णांनी अंक वाचला, चष्मा पुसला आणि काही बोलले नाहीत. तीन दिवसांनी चहा पिताना म्हणाले, "तुझा कंडक्टर उद्या सस्पेंड हुतोय बघ."

"का?"

"आरं, फुडच्या फाट्यावर चेकिंग चढलं तर? म्हातारीला कोण काय म्हणत न्हाई. तिकीट का फाडलं न्हाई म्हणून केस माझ्यावर."

"मग तुम्ही काय केलं असतं?"

"तिकीट फाडायचं. पैसं आपल्या खिशातलं टाकायचं. आता खिशात आपलं किती हायत ते ड्युटीवर चढतानाच लिहून दिल्यालं असतंय. त्यातलंच टाकायचं. रात्री मुक्कामाला भजी कमी खायची."

"तुम्ही केलंय असं?"

"केलंय की दोन-चारदा."

आतून आईचा आवाज आला, "दोन-चारदा? महिन्याचा हिशोब कोण लावत होतं, मी का तुम्ही?"

मी गप्प. माझ्या कथेपेक्षा चांगली कथा चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगून झाली होती. माझ्या कंडक्टरचं चांगुलपण फुकटचं होतं. एका वाक्यात दिलं, एका वाक्यात संपलं. अण्णांच्या चांगुलपणाला किंमत होती, ती रुपये-पैशांत होती, आणि तिची झळ आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत होती. त्या झळीत अण्णा होते, आई होती, कदाचित मला न मिळालेली एखादी कंपासपेटीसुद्धा असेल. आणि मी काय शोधत होतो, तर सूर्यास्ताची वेळ!

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी भांडायच्या तयारीने मांडतोय: आपल्याकडे कथा-कादंबरीतला रिसर्च म्हणजे रंगकाम समजलं जातं. भिंत आधी बांधायची, मग तपशिलांचा हात फिरवायचा. तलवारींची नावं, पदार्थांची नावं, जुन्या रस्त्यांची नावं. पुस्तकाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी पाच पानी असली की आपण टाळ्या वाजवतो. पण ज्या माहितीमुळे पात्राचा एकही निर्णय बदलत नाही, ती असली काय आणि नसली काय. उलट ज्या माहितीने निर्णय बदलतो ती नसेल, तर बाकीचा रंग कितीही झकास असो, भिंत पडणारच.

आता 'केव्हा' हा प्रश्न. एक पक्ष म्हणतो, आधी सगळा अभ्यास करा, मग लेखणी उचला. हा पक्ष दिसायला फार सज्जन आहे. प्रत्यक्षात तो पळवाट काढतोय. फोल्डरमध्ये चारशे बुकमार्क आणि कथेची पाटी कोरी, असे तीन मित्र माझे आहेत. (तुम्हीच ते. ओळखलंत ना?) टॉलस्टॉयचं बघा. १८१२च्या बोरोदिनोच्या लढाईचं मैदान तो बघायला गेला १८६७ साली. तोवर 'वॉर अँड पीस' कित्येक वर्षं लिहिली जात होती, तिचे भाग छापूनही आले होते. पुस्तकं आणि कागदपत्रं त्याने आधीच पालथी घातली होती, पण मैदानावर तो गेला लिखाणाच्या मध्यावर. तिथे काय बघायचंय हे लिहिता लिहिताच कळतं. पात्र जिथे अडलं तिथे उठायचं आणि विचारायला जायचं.

दुसरा पक्ष म्हणतो, कल्पनाशक्ती असली की झालं, माहिती म्हणजे साहित्याचा शत्रू. यांच्यासाठी अँडी वेअर. हा माणूस प्रोग्रॅमर, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. 'द मार्शियन' लिहिताना यानाच्या कक्षा नीट बसाव्यात म्हणून त्याने स्वतः प्रोग्रॅम लिहिला. प्रकरणं एकेक करून वाचकांपुढे ठेवली, रसायनशास्त्राच्या चुका वाचकांनी दाखवल्या, त्याने त्या सुधारल्या. कोड रिव्ह्यूच की हो हा! पण गंमत पुढेच आहे. कथा ज्या वादळाने सुरू होते ते वादळ मंगळावर होऊच शकत नाही. तिथली हवा पृथ्वीच्या सुमारे १ टक्का, तिच्यात यान उलथवायची ताकद कुठली? हे वेअरला माहीत होतं. त्याला निसर्गाचाच तडाखा हवा होता म्हणून त्याने जाणूनबुजून थाप मारली. हे त्याला शोभतं, कारण थापेची किंमत त्याला ठाऊक होती. माहीत असून मोडलेला नियम वेगळा आणि माहीतच नसलेला नियम वेगळा. पहिल्याला कल्पनाशक्ती म्हणा. दुसऱ्याला आळस म्हणतात.

आता तुम्ही 'कोसला' काढणार, मला माहितीये. १९६३ची कादंबरी, गावाकडून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर. नेमाड्यांनी कुठे रिसर्च केला होता? मान्य. पण गावाकडून पुण्यात शिकायला येणं त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. मुंबईच्या राजकारणावरच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहिणारे अरुण साधू पत्रकार होते. त्या जगात त्यांचं रोजचं येणं-जाणं. गोनीदा गडकिल्ल्यांवर पायी फिरत राहिले आणि राजमाचीवर 'माचीवरला बुधा' उभा केला. आपणही राजमाचीला जातो, शनिवारी रात्री निघून रविवारी परत. आपल्याकडे फोटो असतात. तर ज्याने आयुष्य त्यात घातलंय त्याने खुशाल विचारू नये. तुम्ही-आम्ही सोळा वर्षं शाळा-कॉलेज आणि पुढे एसी हापिसात काढली. आपल्याला विचारायलाच लागणार.

विचारायचं कसं, हेही मी ठेच लागून शिकलो. 'तुमच्या कामाबद्दल सांगा ना' असं विचारलं की माणूस भाषण देतो. अण्णाही सेवा, शिस्त वगैरे सुरू करतात. विचारायचं ते असं: चुकलं तर काय होतं? पैसे कुणाच्या खिशातून जातात? साहेब आला की आधी काय लपवता? घरी काय सांगत नाही? रिक्वायरमेंट घेताना आपण नेमकं हेच शिकलोय. युजरला 'काय पाहिजे' विचारू नका, तो काल कुठे अडला ते विचारा.

हल्ली आणखी एक सोय झालीय. चॅटजीपीटीला विचारलं की तो दोन सेकंदांत नियम सांगतो. मी विचारून बघितलं. विनातिकीट प्रवाशाबद्दल छान मुद्देसूद उत्तर आलं. भजी मात्र त्यात नव्हती. असणार कुठून? ती कुठे लिहिलेलीच नव्हती. ती फक्त अण्णांना माहीत होती, आणि आईच्या हिशोबाच्या वहीला.

मला खरा राग याचा येतो की पानिपतासाठी आपण दफ्तरं धुंडाळतो, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला त्याचं काम कसं चालायचं हे ३१ वर्षांत एकदाही विचारत नाही. पानिपताचे कागद आणखी शंभर वर्षं राहतील. अण्णा सत्तरीकडे झुकलेत. मागच्या आठवड्यात जुन्या तिकिटांच्या ट्रेमध्ये रंगांचा क्रम कसा लावायचे ते सांगताना मध्येच थांबले. "हिरवं आधी का गुलाबी?" म्हणाले. आठवेना. मलाही सांगता येईना, कारण लहानपणी तो ट्रे मी फक्त खेळायला घेतला होता.

कथा पुन्हा लिहायला घेतलीय. सूर्यास्त काढून टाकला. म्हातारीचं तिकीट ११ रुपयांचं आहे आणि कंडक्टरच्या नावावर लिहून दिलेले ४० रुपये आहेत. पुढे काय होतं ते अजून ठरलेलं नाही. आज जेवण झालं की आईला ती वही मागणार आहे. तिने रद्दीत घातली नसेल तर.

असो. तुमच्या घरात कोण आहे? रविवार अजून अर्धा शिल्लक आहे. उठा आणि विचारा.