अंदाज वेधशाळेत, पाणी वस्तीत

तीर्थपुरीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे वादळी लाटेचा अंदाज ही कोकणच्या मच्छिमारांची बाब, अशी समजूत जालना जिल्ह्यात असल्यास नवल नाही. २०२१ च्या सप्टेंबराने ती खोटी ठरविली. 'गुलाब' चक्रीवादळ २६ तारखेला आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागले. वारा ओसरला, पण त्याचा पाऊस दोन दिवसांत मराठवाड्यावर कोसळला. मांजरा धरणाचे सर्व दरवाजे उघडावे लागले आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले.

समुद्राचे पाणी किती चढेल, हे सांगणारे शास्त्र आज बरेच पुढे गेले आहे. वादळाच्या केंद्रातील हवेचा दाब, पाण्याला किनाऱ्याकडे रेटणाऱ्या वाऱ्याचा वेग, समुद्रतळाचा उथळपणा आणि त्या घटकेची भरती-ओहोटी यांचे ते गणित आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनच्या परिसरात धडकले. त्यापूर्वीच मुंबई, ठाणे व रायगडच्या सखल भागांत भरतीहून १ ते २ मीटर अधिक पाणी चढण्याचा इशारा हवामान खात्याने दिला होता.

परंतु मीटरचा आकडा म्हणजे पुरता इशारा नव्हे. कोणत्या खारबंधाऱ्यावरून पाणी आत येईल, कोणती वस्ती किती वाजेपर्यंत रिकामी करावी आणि माणसांनी जावे कोठे, याची उत्तरे मिळाली तरच त्या आकड्याला अर्थ येतो. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात सुमारे १०,००० माणसे दगावली. १२ ऑक्टोबर २०१३ च्या 'फायलिन'पूर्वी सुमारे १० लाख लोक हलविण्यात आले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. दोन्ही वादळांची लाट सारखी नव्हती, हे मान्य केले तरी मधल्या काळात सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली निवारागृहे आणि गावोगावचे स्वयंसेवक यांचे श्रेय कमी होत नाही.

इशारा मिळूनही गरीब माणूस घर सोडत नाही, याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. होडी, जाळी, शेळ्या हीच ज्याची सारी पुंजी, त्याने ती कोणाच्या भरवशावर सोडावी? नुकसानभरपाईची हमी आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी हीदेखील पूर्वसूचनेचीच अंगे मानली पाहिजेत. खाऱ्या पाण्याने नासलेल्या भातखाचरालाही तोच न्याय हवा.

हे काम केवळ किनाऱ्याचे नाही. वादळाचा माग किनाऱ्यावर न थांबविता तो खोऱ्याखोऱ्यांतून गावापर्यंत सांगितला जावा, ही मागणी कोकण आणि मराठवाडा यांनी एकत्र लावून धरावी. तीर्थपुरीसारख्या गावांतील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या ओढ्याचे पाणी कोणत्या वस्तीत शिरते, रात्री निरोप कोण पोहोचविणार, आणि शाळेची किल्ली कोणाकडे असते? त्यांची उत्तरे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घेतल्याखेरीज सभा सोडू नये.