जगलेल्या रोपाचे पैसे



पावसाळा आला की आपल्या मेलबॉक्समध्ये एक आवाहन हमखास येतं: "गावाकडे झाडं लावतोय, एका झाडाचे इतके डॉलर." पैसे जरूर द्या. पण त्याआधी केनियातल्या बायकांची गोष्ट ऐका.

वांगारी मथाई अमेरिकेत जीवशास्त्र शिकल्या आणि १९६६ मध्ये मायदेशी परतल्या. पुढे राष्ट्रीय महिला परिषदेच्या कामात त्यांनी खेड्यातल्या बायकांचं गाऱ्हाणं ऐकलं. सरपण मिळत नाही, चांगलं पाणी नाही, पोरांना सकस अन्न नाही. मथाईंना या तिन्हींचं मूळ एकच दिसलं. चहा-कॉफीसारख्या नगदी पिकांसाठी झाडं गेली, माती वाहून गेली, ओढे आटले. जळण पुरेना, म्हणून बायका झटपट शिजणारं, कमी कसाचं अन्न रांधू लागल्या.

१९७७ साली नैरोबीत सात झाडं लावून 'ग्रीन बेल्ट' चळवळ सुरू झाली. झाडं लावायला पदवी लागते, असं वनखात्यातल्या जाणकारांचं म्हणणं! बायकांनी मात्र गटागटाने स्वतःच रोपवाटिका केल्या. बी पेरून उगवून आणायचं, हे त्यांना शेतीमुळे ठाऊकच होतं.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मोबदल्याची पद्धत. बाईला थोडीशी रक्कम मिळायची, पण ती जगलेल्या रोपाची. नुसतं लावून फोटो काढल्याची नव्हे! त्यामुळे पाणी घालणं, शेळ्यांपासून राखणं हे सगळं ओघानंच आलं. चळवळीच्या हिशेबाने आजवर पाच कोटींहून जास्त झाडं लागली. २००४ मध्ये मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं. २०११ मध्ये त्या गेल्या, पण काम चालू आहे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. आपण 'जागृती'साठी पोस्टर आणि भाषणांना पैसे देतो. पण लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन मैलोगणती चालणाऱ्या बाईला जंगल तुटल्याचं आपण काय सांगणार? तिला हवी असते रोपवाटिका, पाण्याची सोय आणि कामाचा दाम. पुढचं आवाहन आलं की संस्थेला तीन प्रश्न विचारा: रोपं कोण वाढवतं? पाणी कोण घालतं? आणि दोन वर्षांनी जगलेली झाडं कोण मोजतं? तिन्हींचं उत्तर गावातल्या बायकांचा गट असं आलं, तर चेक लिहायला उशीर करू नका.

असो. तुमच्या गावी असं काही चालू असेल तर जरूर कळवा.

लोभ आहेच, तो वाढावा.